तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन: चौदा वर्षं उभ्या राहिलेल्या एका ट्रॅक्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. जूनमध्ये लागलेला पाऊस तिथे गणपती उठले तरी उघडत नाही. गावाचं आणि घराचं नाव देत नाही. बाकी जसं घडलं तसं लिहितो. तालुक्याच्या ठिकाणी माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे आणि हे काम तिथेच झालं.

ट्रॅक्टर बी-२७५. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांच्या घरी सत्तरच्या दशकात ट्रॅक्टर आला, त्यांना हे नाव पाठ असतं. मूळ रचना ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरची. १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियानं तो कांदिवलीत बनवला, आणि १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली. हा इतिहास सांगण्याचं कारण पुढे नट खोलताना येईल.

घरात दोन भाऊ. थोरले शेती करतात, धाकटे पुण्यात नोकरीला. ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी १९७४ साली घेतलेला. २०१० मध्ये वडील गेले आणि ट्रॅक्टर गोठ्यामागे चिंचेखाली उभा राहिला तो राहिलाच. २०२४ च्या दिवाळीनंतर धाकटे माझ्याकडे आले. म्हणाले, "मिस्त्री, नांगर नाही ओढला तरी चालेल. पण आमच्या वडिलांच्या शेतात तो स्वतःच्या चाकांवर जायला पाहिजे."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. काम किती खोल न्यायचं आणि कुठे थांबायचं, हे ग्राहकाला काय हवंय त्यावर ठरतं. पुढचे बरेच निर्णय या एका वाक्यावर झाले.

अडचण

पहिल्या दिवशी गावातच पाहणी केली. पत्रा वरवर गंजला होता, टायर गेले होते, वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं. ही सगळी कामं पैशानं होणारी, त्यांची काळजी नसते. गिअर न्यूट्रलला आणून क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुलीच्या नटाला पाना लावला. पुली जागची हलली नाही. पंख्याचा पट्टा काढला, कारण वॉटर पंपही जाम होता. तरी इंजिन हललं नाही.

मग बॉनेटवर उभ्या असलेल्या सायलेन्सरकडे लक्ष गेलं. त्याचं तोंड उघडं होतं. ओसरीवर आजी बसल्या होत्या, या दोघांच्या आई. मी विचारलं, "आजी, यावर काही झाकण नव्हतं का?" त्या म्हणाल्या, "हे होते तोवर पावसाळ्यात त्यावर डालड्याचा डबा असायचा. ते गेले त्या साली कुणी उचलून नेला, कळलंच नाही."

निम्मं निदान तिथेच झालं. उघड्या सायलेन्सरमधून पडलेलं पाणी मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळीत, साचतं, आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या घडीला उघडा राहिलेला असतो त्यात उतरतं. बाकीचे सिलिंडर बऱ्यापैकी कोरडे राहतात. म्हणजे चारही पिस्टन धरलेले नसावेत, एखादाच असावा. पण तो कोणता आणि किती घट्ट, हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

समोर असलेले पर्याय

थोरल्या भावांच्या मुलानं सुचवलेला पर्याय गावोगावी ऐकायला मिळतो: टोचन लावायचं, दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचं आणि वरच्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. इंजिन फिरेल नाहीतर चाकं घसरतील. मी ठाम नकार दिला. पाना हातात असताना पुढची वस्तू किती विरोध करतेय ते मनगटाला कळतं. टोचनानं ओढताना मोठ्या चाकांवरून क्रँकवर किती जोर आला ते कुणालाच कळत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, त्याऐवजी पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी नसलं तरी पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरून राहतात आणि पिस्टनच्या खाचांच्या कडा तुटतात. जे इंजिन लायनर-पिस्टनवर भागलं असतं त्याला मग क्रँक शोधत फिरावं लागतं.

दुसरा पर्याय जुन्या बाजारातून इंजिन आणून बसवायचा. वेळेच्या हिशेबानं तो वाईट नव्हता आणि मी तो प्रामाणिकपणे मांडला. पण आणलेल्या इंजिनाच्या पोटात काय आहे हेही उघडल्यावरच कळणार होतं. शिवाय धाकट्यांचं वाक्य वहीत होतं. वडिलांचं इंजिन काढून दुसरं टाकायला दोघेही भाऊ तयार नव्हते.

तिसरा, तेल सोडून वाट पाहायची. चौथा, सरळ हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवायचं. आम्ही दोन्ही जोडले: इंजेक्टर काढून त्यांच्या भोकांतून चारही सिलिंडरमध्ये निम्मं डिझेल आणि निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल) सोडायचं, दहा दिवस थांबायचं, आणि तेवढ्यात हेडच्या वाटेतले नट मोकळे करायचे. मुदत आधीच ठरवली हे बरं झालं. नाहीतर "अजून चार दिवस मुरू दे" म्हणता म्हणता महिना जातो.

हेडपर्यंतची वाट, आणि माझी चूक

इथे त्या ब्रिटिश रचनेचा संबंध येतो. या ट्रॅक्टरचे नट इंचाचे आहेत. आमच्याकडे अजून सुताची भाषा चालते: इंचाचे आठ सूत. साडेचार सुताचा नट म्हणजे १४.२९ मिलिमीटर. त्याला १४ चा पाना जात नाही आणि १५ चा सैल बसतो. ताज्या नटाला सैल पाना एक वेळ चालून जातो, पण गंजलेल्या नटाचे कोपरे आधीच खाल्लेले असतात. एका झटक्यात ते गोल होतात आणि मग छिन्नीशिवाय इलाज उरत नाही. सहा सुताला १९ चा पाना चालतो, कारण तो १९.०५ चा. बाकी ठिकाणी इंचाचेच पाने हवेत, आणि तेही सहा कोपऱ्यांचे. बारा कोपऱ्यांचा रिंग पाना अशा कामाला मी हातात घेत नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट सर्वांत वाईट होते, आणि ते तसेच असतात. जळून, गंजून नट आणि स्टड (हेडमध्ये बसवलेली, बाहेरच्या टोकाला नट लागणारी आट्यांची सळी) एकजीव झालेले. पद्धत अशी ठेवली: आधी तारेच्या ब्रशनं आट्यांचं दिसणारं टोक साफ करायचं, कारण गंजाचा चुरा आट्यांत राहिला तर नट फिरताना तोच पाचरीसारखा अडकतो. मग तेल. मग स्टडच्या डोक्यावर हलके ठोके. जोराचे नकोत, झिणझिण्या जातील एवढेच. मग गॅसनं फक्त नट तापवायचा, स्टड नाही. नट फुगतो, स्टड अजून थंड असतो, आणि मधली पकड सुटते. नट काळसर लाल झाला की आच बाजूला करायची, थोडा निवला की मेणबत्तीचं मेण आट्यांना लावायचं. मेण पातळ होऊन आत ओढलं जातं, ते डोळ्यांनी दिसतं. मग पाना लावायचा, आणि पहिला जोर आवळण्याच्या दिशेनं द्यायचा. नट केसभर जरी आवळला गेला, तरी पकड मोडलेली असते.

या रीतीनं एक सोडून सगळे नट आले. तो एक संध्याकाळी सात वाजता राहिला होता. दुसऱ्या गाडीचं गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी पान्याला दोन फुटी पाइप चढवला. पाना हलला, मला वाटलं सुटला. खरं तर स्टड पिळवटत होता. सुटणारा नट आधी कडक असतो, मग एकदम सैल होतो. तुटणारा स्टड मऊ लागतो, रबर पिळल्यासारखा. हा फरक मला वीस वर्षांपासून माहीत आहे, तरी त्या घाईत मी हात थांबवला नाही. स्टड हेडच्या पातळीला तुटला.

त्या स्टडनं दोन दिवस खाल्ले. ईझी-आउट, म्हणजे तुटलेल्या स्टडला भोक पाडून त्यात उलटं फिरवायचं हत्यार, वापरायचं नाही हे नक्की होतं: जो स्टड पाइप लावून आला नाही तो बोटाएवढ्या ईझी-आउटनं येत नाही, आणि ते आत तुटलं तर इतकं कठीण असतं की ड्रिल त्यावर नुसतं घसरतं. तुटलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्डिंग केलं. पहिले दोन नट निसटले. तिसऱ्या वेळी वेल्डिंगनंतर पाच मिनिटं हात लावला नाही, मग मागे-पुढे अर्धा-अर्धा आटा करत स्टड आला. हेही जमलं नसतं, तर बरोबर मध्यावर पंच मारून पाच सोळांश इंचापर्यंत ड्रिल आणि तीन सुताच्या जाड आट्यांचा टॅप, एवढंच हातात होतं. ओतीव लोखंडात बसणारी स्टडची बाजू जाड आट्यांची आणि नटाची बाजू बारीक आट्यांची असते. टॅप आणायला जाताना हे लक्षात नसेल तर भोक फुकट जातं.

हेडचे नट सुटले, पण हेड उठेना. दोन स्टडनी त्याला भोकांमध्ये धरलं होतं. हेड आणि ब्लॉकच्या फटीत छिन्नी घालायचा मोह इथे सगळ्यांना होतो. तिथे पडलेला एक ओरखडा म्हणजे पुढे गॅस्केटमधून कायमची गळती. आम्ही स्टडभोवती तेल सोडलं, चेन कप्पीनं हेडला ताण दिला आणि तांब्याच्या हातोडीनं चारी बाजूंनी ठोकून तसंच ताणावर सोडून घरी गेलो. सकाळी एका बाजूला कागद जाईल एवढी फट दिसली. दुपारपर्यंत हेड वर होतं. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अर्धा उघडा, गाइडमध्ये जाम. निदान बरोबर निघालं.

तिसरा पिस्टन

चारही पिस्टनवर तेल ओतलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी एक, दोन आणि चार नंबरवर तेल नव्हतं, रिंगांवरून खाली उतरलं होतं. तीन नंबरवर ते तसंच होतं, चहासारखं तांबडं. बोट फिरवल्यावर पिस्टनच्या वर लायनरला गंजाचा खरबरीत पट्टा लागला.

आता निर्णय असा: फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावून संपूर्ण इंजिन मागे-पुढे करायचं, की खालून चेंबर, म्हणजे इंजिनाचं तेलाचं भांडं, उतरवून तीन नंबरच्या रॉडची क्रँकला धरणारी टोपी सोडायची? पहिल्यात काम कमी. पण मला अजून खात्री नव्हती की जाम फक्त तोच पिस्टन आहे. आम्ही ट्रॅक्टर घोड्यांवर नीट टेकवून चेंबर उतरवलं आणि टोपी सोडली. सहायकानं पुलीला पाना लावला. क्रँक फिरली, एका हातानं. चौदा वर्षांनी ते इंजिन हललं ते असं. धाकट्या भावांना मी फोनवर तो आवाज ऐकवला.

उरला एकटा पिस्टन. सहायकानं विचारलं, "मिस्त्री, गॅस लावू का?" नटाला जे चालतं ते इथे उलटं पडतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर लोखंडाचा. तेवढ्याच उष्णतेत ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तापवलं तर पकड वाढणार. म्हणून उलट केलं: आधी पिस्टनच्या वरचा गंज पॉलिश पेपरनं पूर्ण उतरवला, चुरा चुंबकानं आणि फडक्यानं काढला, आणि पिस्टनवर तासभर बर्फाची पिशवी ठेवली. त्यामुळे पिस्टन केसाच्या जाडीहूनही कमी आकसतो, पण गंजाची पकडही तेवढीच असते.

ठोकायला बाभळीचा ठोकळा लेथवर तासून घेतला. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, तीन इंच तीन सूत, ठोकळा सव्वातीन इंच. लोखंडी रॉड ठेवून ठोकलं तर पिस्टनच्या माथ्याला तडा जातो. दिवसातून दोनदा, वीस-पंचवीस ठोके, मग तेल आणि विश्रांती. चार दिवस आवाज भरीव येत होता, दगडावर घण पडावा तसा. पाचव्या दिवशी सकाळी बर्फ काढून ठोकलं आणि सहावा-सातवा ठोका वेगळा वाजला, थोडा पोकळ. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर पिस्टनच्या कडेला सगळीकडून सुरीच्या पात्याएवढी चकचकीत रेघ होती, गंज नसलेल्या लायनरची. पिस्टन तेवढा खाली सरकला होता. बर्फानं की ठोक्यांनी की चौदा दिवस मुरलेल्या तेलानं, हे सांगता येणार नाही.

त्यानंतर घाई केली नाही. खालून रॉडला लाकूड लावून वर, वरून ठोकळ्यानं खाली, प्रत्येक फेरीला थोडं जास्त. सातव्या दिवशी पिस्टन वरून बाहेर आला. वरच्या दोन रिंगा खाचेत गच्च, एका खाचेची कड नखाएवढी उडालेली. रॉड सरळ होता, तो लेथवाल्याकडून तपासून घेतला.

टॉप लिंक आणि बाकीचं

टॉप लिंक म्हणजे मागच्या अवजाराला वरून धरणारा, लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा. तिची गोष्ट लहान आहे, पण त्यात माणूस जखमी होऊ शकला असता. तिच्या मधल्या नळीत एका टोकाला उजवे आटे असतात आणि दुसऱ्याला डावे. थोरल्यांच्या मुलानं, म्हणजे धाकट्यांच्या पुतण्यानं, हे न बघता एक टोक शिकंज्यात धरून दोन संध्याकाळी उलट्या दिशेनं जोर लावला होता. मी आलो तेव्हा तो गॅस पेटवत होता. ती नळी पोकळ असते, आत जुनं ग्रीस आणि पाणी. दोन्ही टोकं गंजानं बंद असताना तापवली तर वाफ होऊन टोक गोळीसारखं उडतं. आधी ग्रीसचं निपल काढून वाट मोकळी केली, तोंडासमोरून सगळ्यांना बाजूला केलं, आणि मग तापवलं. चार वेळा तापवून आणि निववून दोन्ही टोकं आली.

लहान सुट्या भागांसाठी पुतण्यानं प्लॅस्टिकच्या पिंपात धुण्याच्या सोड्याचं पाणी करून बॅटरी चार्जर जोडला. गंजलेला भाग ऋण टोकाला, जुन्या सळ्या धन टोकाला. हे काम त्यानं मन लावून केलं आणि ते उत्तम झालं. दोन गोष्टी मी बजावल्या: स्टेनलेस स्टीलची पट्टी लावायची नाही, कारण पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं, आणि पिंप उघड्यावर ठेवायचं, कारण निघणारा हायड्रोजन ठिणगीनं पेटतो. ॲल्युमिनियमचे भाग त्यात घालायचे नाहीत, सोडा त्यांना खातो. आणि ही पद्धत दिसणाऱ्या पृष्ठभागापुरती आहे. जाम आट्यांच्या आत ती पोचत नाही.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. पेडल दाबून बांधून ठेवायचं आणि इंजिन चालू झाल्यावर झटक्यानं सोडवायची, असंही करतात. इंजिन एवढं उघडलंच होतं म्हणून ट्रॅक्टर मधून वेगळा करून प्लेट काढली. डिझेल पंप पंपवाल्याकडे दिला.

निष्पत्ती

तीन नंबरचा लायनर खड्ड्यांमुळे बाद झाला. चारही लायनर-पिस्टन बदलायचे की एकच? माझा कल चारांकडे होता, एकसारखं काम म्हणून. पण मोजमाप घेतल्यावर बाकीचे तीन बोअर मर्यादेत निघाले, आणि या ट्रॅक्टरला दिवसभर रोटावेटर चालवायचा नव्हता. वहीतलं वाक्य पाहून एक नवा लायनर-पिस्टन, चारींना नव्या रिंगा आणि एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एवढंच केलं.

होळीच्या आधल्या आठवड्यात इंजिन सुरू झालं. पहिली दहा मिनिटं पांढरा धूर, मग साफ. तीन नंबरचा दाब बाकीच्यांच्या बरोबरीला आला. धाकटे भाऊ सुट्टी काढून आले. थोरल्यांनी ट्रॅक्टर चालवत शेतात नेला, आजी बांधावर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

पुन्हा करायचं झालं तर

चेंबर मी पहिल्या आठवड्यातच उतरवीन. रॉडची टोपी सोडून क्रँक फिरते का हे पाहायला अर्धा दिवस लागला, आणि त्यानं संशय चार पिस्टन, पंप, क्लच यांच्यावरून एका पिस्टनवर आला. हे आधी केलं असतं, तर इंजेक्टरच्या भोकांतून तेल सोडण्यात गेलेले दिवस तीन नंबरवरच लावता आले असते.

जाम नटाला संध्याकाळी हात लावणार नाही. जो दिवसभर आला नाही, त्याला तेल लावून सकाळवर ठेवायचं. तुटलेल्या स्टडचे दोन दिवस मी मालकाच्या बिलात धरले नाहीत.

पुतण्याला पहिल्या दिवशीच बसवून कोणता आटा डावा, कोणता उजवा, कुठे आग चालते आणि कुठे नाही हे सांगायला हवं होतं. घरचं पोर उत्साहानं हात लावणारच. त्याला बाजूला ठेवण्यापेक्षा शिकवणं माझं काम होतं.

मागच्या ड्रॉबारची एक पिन अजून आलेली नाही. तीनदा तापवली, ठोकली, तेलात ठेवली. ती कापून काढता येईल, पण कापताना ड्रॉबारचं जुनं ओतीव कान दुखावेल आणि ते पुन्हा मिळणं कठीण आहे. पिन आहे त्या जागी बरोबर बसलेली आहे आणि ट्रॅक्टरला तिथून काही ओढायचं नाही. थोरल्या भावांशी बोलून ती तशीच ठेवली. दर महिन्याला ते तिच्यावर थोडं तेल सोडतात. सायलेन्सरवर आता नवा डबा आहे, वाऱ्यानं उडू नये म्हणून तारेनं बांधलेला.